नकाशांच्या खोलीतलं उत्तर

"उत्तर तिचं आहे, सर. माझं नाही."

हे वाक्य हेडफोनमधून कानात शिरलं तेव्हा बाई वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि उपटलेल्या दाढेच्या खड्ड्यात त्यांची जीभ राहून राहून जात होती. नववीच्या खिडक्यांवर मुलांनी घरून आणलेल्या रजया टांगल्या होत्या, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. त्यामुळे भरदुपारी वर्गात आजाऱ्याच्या खोलीसारखा अंधार होता. पुस्तकांच्या चवडीवर मायक्रोफोन उभा होता. दाढेसाठी बाईंनी आदल्या दिवशी रजा घेतली होती. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी फारशा रजा घेतल्या नव्हत्या, आणि घेतली त्या एका दिवशी त्यांच्या श्रुतिकेत त्यांनी न लिहिलेलं वाक्य येऊन बसलं होतं. वाक्यानंतर थोडी शांतता होती, मग टाळ्या. टाळ्या मुलांनी स्वतःच वाजवून घेतलेल्या. पावसाच्या सरीसारख्या आधी विरळ, मग दाट. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं ते.

"हे कुणी घातलं?" बाईंनी हेडफोन काढत विचारलं.

"चेअरमनसाहेबांनी, बाई," कुरळी म्हणाली. तिचं नाव वेगळं होतं, पण केसांमुळे सगळी शाळा तिला कुरळी म्हणायची. संहितेची वही आणि रेकॉर्डिंग दोन्ही तिच्याकडे होतं. "काल ते स्वतः आले होते. सुरुवातीचं निवेदन करायला. संहिता वाचली आणि म्हणाले, दाराजवळचा तो मुलगा म्हणजे मीच. मग म्हणाले, शेवट मी माझ्या शब्दांत सांगतो. एका दमात बोलले, बाई. परत घ्यावंच लागलं नाही. भारी झालंय ना?"

"झालंय," बाई म्हणाल्या. गाल अजून सुजलेला होता, त्यामुळे शब्द तोंडातून तिरका बाहेर पडला आणि पुढच्या बाकावरची दोन मुलं हसली.

इतिहासाच्या पुस्तकातल्या 'बदलता समाज' या धड्याला जोडून प्रत्येक वर्गानं काहीतरी करून दाखवायचं होतं. आठवीनं तक्ते केले. नववीनं श्रुतिका करायची ठरवली, आणि विषय बाईंनीच सुचवला: आपल्या शाळेत मुली पहिल्यांदा आल्या तेव्हा. सुचवताना त्यांना जरा धडधडलं होतं. पण मुलांना तो विषय राजाराणीच्या गोष्टीइतका लांबचा वाटला, आणि बाई स्वतः त्या मुलींपैकी एक होत्या हे ऐकल्यावर तर ती त्यांच्याकडे उत्खननात सापडलेल्या भांड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "बाई, तेव्हा तुम्ही लहान होतात?" एकानं विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "नाही रे, मी अशीच जन्मले. चष्म्यासकट."

तेव्हा या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता, आणि नव्हता असंही नव्हतं. वरून परवानगीचे कागद यायचे होते. ते येईपर्यंत मुख्याध्यापकांनी एक मधली वाट काढली. चार मुलींना वर्गाशेजारच्या नकाशांच्या खोलीत बसवायचं, मधलं दार अर्धं उघडं ठेवायचं, त्यावर हिरवा पडदा. मुलींनी ऐकायचं. पटावर नाव नाही, प्रश्न विचारायचा नाही, खोकलासुद्धा आलाच तर पदरात. साप मरायला हवा होता आणि काठीही मोडायची नव्हती. त्या खोलीत गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे असायचे, कापडाला मारलेल्या खळीचा आंबूस वास यायचा, आणि खिडकी नसल्यामुळे दिवा लावावा लागायचा. फळा दिसायचा नाही. बाईंना अजून आठवत होतं, खडूच्या आवाजावरून फळ्यावर काय चाललंय ते त्यांना ओळखता यायला लागलं होतं. तीन लांब ओढी आल्या की त्रिकोण. आखूड ठोके आले की आकडे. मध्येच बोटांनी पुसल्याचा आवाज आला की सरांचं चुकलं, आणि तेव्हा टाचणी वहीवर हात ठेवून हसायची, कारण चुकणार हे तिला आधीच कळलेलं असायचं. टाचणी म्हणजे त्यांची मैत्रीण. अंगानं तशीच आणि जिभेनंही. चौघींत गणित येत होतं ते तिलाच. बाकीच्या तिघी ऐकायच्या आणि टाचणी पलीकडच्या वर्गाच्या दोन पावलं पुढे चालायची.

शाळातपासनीस आले त्या दिवशी चौघींना बजावून ठेवलं होतं की खोलीत कुणी नाहीच असं समजायचं. दिवासुद्धा मालवला होता. अंधारात मांडीला मांडी लावून त्या बसल्या होत्या. पडद्यापलीकडे तपासनिसांचे करकरणारे बूट बाकांमधून फिरले, थांबले, आणि त्यांनी वर्गाला विचारलं, एखाद्या संख्येला शून्यानं भागलं तर काय येतं? एक मुलगा म्हणाला, शून्य. दुसरा म्हणाला, तीच संख्या. मग कुणीच काही म्हणेना. शांतता इतकी लांबली की ती सहन न होऊन, किंवा कदाचित उत्तर इतकं साधं होतं म्हणून, टाचणी म्हणाली, "भागताच येत नाही, सर." मोठ्यानं नाही. बोलून गेल्यावर तिनंच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. दाराला पाठ लावून जो मुलगा बसायचा तो उठून उभा राहिल्याचा आवाज आला, बाक सरकला, आणि तो म्हणाला, "भागताच येत नाही, सर." शब्दाला शब्द. शेवटचा 'सर'सुद्धा तसाच.

"शाब्बास," तपासनीस म्हणाले. "नाव काय तुझं?"

आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

'नाव काय तुझं' इथपर्यंत बाईंनी लिहिलं होतं. मुलाचं नाव घातलं नव्हतं. पुढचंही काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी गणिताचे सर पहिल्यांदा पडदा बाजूला करून आत आले आणि म्हणाले, आवाज कुणाचा होता. टाचणी उभी राहून म्हणाली, माझा. सर रागावले नाहीत, उलट हळू आवाजात तिच्या वडिलांना सांगून आले की मुलगी हुशार आहे, पण सगळं फार नाजूक आहे, हिच्यापायी बाकीच्या तिघींचंही जाईल. दुसऱ्या दिवशी नकाशांच्या खोलीत तिघीच होत्या. वर्षभरानं कागद आले, पडदा काढला, तिघी वर्गात बसल्या. दाराजवळच्या मुलाचं नाव शिष्यवृत्तीसाठी गेलं होतं ते त्याआधीच. 'नाव काय तुझं' या वाक्यावर श्रुतिका संपवली तेव्हा बाईंना वाटलं होतं की आपण फार धीट लिहिलंय. मुलांना मात्र शेवट पटला नव्हता. "मग, बाई?" कुरळीनं विचारलं होतं. "मग काही नाही. तिथेच संपतं." कुरळी पेन्सिल चावत बसली होती. आता चेअरमननं येऊन त्या 'मग'चं उत्तर तिला देऊन टाकलं होतं: आपण उठलो, तपासनिसांच्या डोळ्याला डोळा भिडवला, टाचणीचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणालो, उत्तर तिचं आहे, सर, माझं नाही. खर्जातला, सभांमधून कमावलेला आवाज. ऐकताना एक क्षणभर, आणि याचाच बाईंना सगळ्यात जास्त राग आला, त्यांनाही ते खरं वाटलं.

मुख्याध्यापिका वयानं बाईंहून बऱ्याच लहान होत्या आणि समजूत काढण्यात तरबेज. "अहो, उलट चांगलंच आहे की. एवढा मोठा माणूस कबूल करतोय."

"कबूल कुठे करताहेत? बदलताहेत."

"ऐकणाऱ्या पोरांना त्यानं काय फरक पडतो, बाई? त्यांना घ्यायचा तो बोध मिळतोय. तुमचा शेवट, रागावू नका, पण जरा कोरडा होता."

"झालं तेच कोरडं होतं."

"म्हणूनच तर," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून त्यांनी हातानंच 'बसा' अशी खूण केली. बाई बसल्या नाहीत.

चेअरमनची खोली वरच्या मजल्यावर होती. चारचौघांत तो त्यांना 'बाई' आणि 'अहो' म्हणायचा. दार लोटलेलं असलं की जुन्या वर्गातला होऊन जायचा. त्यानं पंखा वाढवला, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, "ऐकलंस ना? कसं झालंय?"

"तू असं म्हणाला नव्हतास."

"नव्हतो." तो जराही गडबडला नाही. बाईंनी जिना चढताना जी जी उत्तरं गृहीत धरली होती त्यांत हे नव्हतं. "तेरा-चौदा वर्षांचा होतो मी. समोर तपासनीस, बाजूला छडी. काय म्हणणार होतो?"

"मग हेच म्हण की. हेच रेकॉर्ड कर. मी घाबरलो आणि गप्प बसलो, म्हण."

तो हसला. हसणं वाईट नव्हतं, दमलेल्या माणसाचं होतं. "गप्प बसलेल्या मुलाची श्रुतिका कोण ऐकतं गं? रेडिओवर गप्प बसणं म्हणजे यंत्र बिघडलंय असं वाटतं लोकांना. आणि पोरांनी काय शिकायचं त्यातून? आज मी त्या जागी असतो तर जे म्हणालो असतो, ते म्हटलंय. त्यात खोटं काय?"

"आज तसं म्हणायला काही किंमत पडत नाही."

"तेही खरं." त्यानं ग्लास स्वतःकडेच ओढून अर्धा संपवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, मला ते टोचत नव्हतं असं समजू नकोस. तुझी नेमणूक झाली तेव्हा सगळी समिती दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूनं होती. मी एकटा अडून बसलो. म्हटलं, त्या खोलीतल्या निदान एकीला तरी या शाळेत उभी करायचीच. माझ्या परीनं मी फेड केलीय."

बाईंना आठवला तो नमुना पाठ, जो त्यांनी समितीसमोर घेतला होता. रात्र रात्र जागून केलेली तयारी, फळ्यावर एका झटक्यात काढलेला व्यापारी मार्गांचा नकाशा, समितीतले एक म्हातारे गृहस्थ 'वा' म्हणाले होते ते. तो 'वा' त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. वाईट वर्गांनंतर, नवऱ्याशी अबोला असलेल्या दिवसांत, आईच्या आजारपणात, त्यांनी तो मनाशी काढून पाहिला होता, की निदान ही एक गोष्ट आपण आपल्या बळावर मिळवली. आता कळलं की तोही दुसऱ्याच्या उत्तराचा मोबदला होता, आणि ज्यानं उत्तर उचललं त्यानंच तो परस्पर भलत्याच बाईला चुकता केला होता. "पण मी नव्हते ते बोलले," त्या म्हणाल्या. "फेडायचं होतं तर तिचं फेडायचंस."

"ती पुढे शिकलीच नाही. तिला काय देणार होतो मी?"

याला देण्यासारखं उत्तर बाईंना जिना उतरताना सुचलं. तेव्हा मुलींच्या बाजूनं बोलणं महागात पडलं असतं, म्हणून तू बोलला नाहीस. आज न बोलणं महागात पडेल, म्हणून बोललास. काळ बदलला, तू कुठे बदललास? पण खाली मधली सुट्टी झाली होती, पोरं धावत वर येत होती, आणि बाईंना कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही, असं त्यांची आई म्हणायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "निवृत्तीला किती राहिलंय? सोड ना." एकदा वाटलं, सोडावं. मग वाटलं, ज्याचं आहे त्यालाच बोलू दे. टाचणीला आणायचं. तिला सभागृहात बसवायचं, ते ऐकवायचं, आणि मग तिची जीभ आहेच. या विचारानं बाईंना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

टाचणीच्या मुलाचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं आणि वरच राहायला जागा. दुकानात वाफेचा ओला, गरम वास. डोक्यावर तारेला लटकणारे लोकांचे कोट, आत माणूस नसूनही खांदे ताठ ठेवलेले. टाचणी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. नावाला जागतेय बघ, असा विनोद ती स्वतःच आधी करून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो करायची संधी मिळायला नको. गुडघ्याला पट्टा बांधलेला. बाईंनी इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवला, कुरळीनं त्यात भरून दिलेली श्रुतिका लावली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. खडूचा आवाज आला तेव्हा टाचणी हसली. बूट आले तेव्हा तिचा हात थांबला. मग तिचं नाव आलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि ते वाक्य, आणि टाळ्या.

"पुन्हा लाव," टाचणी म्हणाली.

बाईंनी पुन्हा लावलं. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तिनं त्याला हातानंच थांबवलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला त्याची पँट दिली.

"त्या दिवशी तो असं म्हणाला नव्हता," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे गं. मी काय दुसऱ्या गावी होते? पण आज म्हणाला ना." ती पुन्हा चिठ्ठ्या टाचायला लागली. "तुला सांगते, इतक्या वर्षांत मलाच वाटायला लागलं होतं की त्याला स्वतःला येत असेल उत्तर. आपण उगाच मनाशी धरून बसलोय. शाळा सुटल्याचं दुःख माणूस कशालाही चिकटवतो. पोराला एकदा सांगितलं होतं तर म्हणाला, आई, तुला कसं येणार ते? आता त्याला ऐकवीन. चेअरमनच्या तोंडून."

"आणि एवढं तुला पुरतं?"

टाचणीनं मान वर केली. पूर्वी सरांचं चुकलं की जशी बघायची तशी तिनं बाईंकडे बघितलं. "तुला पुरत नाही, कारण तू पुढे शिकलीस. तुला सगळंच्या सगळं बरोबर लागतं. माझ्या वाट्याला एवढंच यायचं होतं, ते आलं. तू मला तिथे भांडायला नेणार होतीस होय?"

बाईंनी टेबलावरचा फोन उचलून पर्समध्ये टाकला. वाफेचं यंत्र फुसफुसलं. इतकी वर्षं आपण हिच्यासाठी म्हणून जो कडवटपणा सांभाळला तो हिला नकोच होता, हे त्यांना कळत होतं. मग तो कुणाचा होता, हा प्रश्न त्यांनी तिथे स्वतःला विचारला नाही. "भांडायला नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ऐकायला."

"मग येते. साडी कुठली नेसू?"

कार्यक्रमाला सभागृहाचे दिवे मालवले होते, फक्त ऐकायचं म्हणून. अंधारात श्रुतिका झाली. चेअरमनच्या वाक्याला खऱ्या टाळ्या पडल्या, त्या रेकॉर्डिंगमधल्या टाळ्यांत अशा मिसळल्या की कुठल्या कुठल्या ते कळेना. दिवे लागले, टाचणीला व्यासपीठावर नेलं, गुडघ्यामुळे पायऱ्या चढताना चेअरमननं हात दिला, फोटो काढले. ती छान दिसत होती. बाई बाजूच्या खुर्चीवर बसून, आपल्याला हे सगळं बघवतंय का हे जोखत होत्या. बघवत होतं. मुख्याध्यापिकांनी मुलांना प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा कुरळी उठली.

"आजी, मग तुम्ही पुढे काय झालात? गणिताच्या प्राध्यापक?"

चेअरमननं मायक्रोफोन स्वतःकडे घेतला. "आजी पुढे संसारात रमल्या," तो हसून म्हणाला, "आणि तेही काही सोपं गणित नसतं, बरं का." हशा झाला. टाचणीही हसली. मग तिनं हात पुढे केला. चेअरमनला वाटलं, तिला पाणी हवंय. तिला मायक्रोफोन हवा होता.

"दुसऱ्या दिवसापासून मला शाळेत पाठवलं नाही, बाळ," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्यानं पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं. "आता मी मुलाच्या दुकानात बसते. कपड्यांना नंबर लावते."

"पण का? तुमचं उत्तर तर बरोबर होतं."

"बरोबर होतं म्हणून तर सगळ्यांना ऐकू गेलं. चुकलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि मी बसले असते तिथेच, मुकाट. या बसल्या ना, तशी." तिनं बाईंकडे बोट दाखवलं, प्रेमानं, ओळख करून द्यावी तसं. सगळ्या मुलांनी वळून बाईंकडे बघितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच, कारण या ठिकाणी टाळ्या वाजवतात एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापिका आभार मानायला उठल्या.

नंतर बाई नववीच्या वर्गात गेल्या तेव्हा कुरळी बाकावर चढून खिडक्यांवरच्या रजया सोडवत होती. एक खिडकी मोकळी झाली होती आणि तिच्यातून उन्हाची तिरीप फळ्यापर्यंत आली होती. बाईंनी रजईचं खालचं टोक धरलं.

"बाई, मग आपली श्रुतिका खोटी आहे?"

"नाटक आहे ते," बाई म्हणाल्या. "नाटकात थोडंफार इकडचं तिकडे चालतं. घ्यायचा तो बोध मिळाला ना?" शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे आहेत हे त्यांना ओळखू आलं.

कुरळीनं गाठ सोडली. रजई दोघींच्या मध्ये खाली आली. तिची घडी घालताना त्या एकमेकींजवळ आल्या, टोकाला टोक लावलं, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या.

"तुम्ही तिथे होतात ना, बाई? त्या खोलीत?"

"होते."

"आजींना दुसऱ्या दिवसापासून पाठवलं नाही, हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं."

हा प्रश्न नव्हता, म्हणून बाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. कुरळीनं घडी त्यांच्या हातातून काढून घेऊन बाकावर ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या, बाई. बाकीच्या मी एकटी काढते."